व्यक्ती अ म्हणाली

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

व्यक्ती अ ने आत्ताच मला वाटाण्याची शेंग फेकून मारली, कारण ती काहीतरी सांगते आहे आणि मी मान खाली घालून लिहितो आहे. थांब जरा.

झालं. म्हणाली, वाटाणे किडके निघाले, ज्याने दिले त्याच्या टोपलीत नेऊन ओत. मी म्हटलं, उद्या. त्यावर तिने तळवा गालाला लावला, बोटं उलगडली आणि गाल फुगवले. म्हणजे तुझा तो उद्या, जो कधी उजाडत नाही.

तुझ्या प्रबंधाची दोन प्रकरणं पोचली. दुकानात काचा घासता घासता वाचली. पान एकोणचाळीसवर हीच खूण आहे: 'तळवा गालास टेकवून बोटे उलगडणे: भविष्यकाळनिर्देशक.' तक्रार नाही, बरोबरच आहे. पण फुगवलेले गाल कुठे गेले? तुझ्या सगळ्या फोटोंत आईचे हात आहेत, बाह्या आहेत, स्वेटरचं तुटकं बटण आहे, आणि हनुवटीच्या खालीच कागद संपतो.

बाकी वाचताना मला आपलं घर ओळखूच येईना. 'व्यक्ती अ ही जन्मतः कर्णबधिर असून तिचे औपचारिक शिक्षण झालेले नाही. कुटुंबांतर्गत विकसित झालेल्या हावभाव-व्यवस्थेद्वारे ती मर्यादित संप्रेषण साधते.' मर्यादित! अगं, काल तिने मला शेजारच्या बाईचं आणि तिच्या सुनेचं भांडण सांगितलं, दोघींची सोंगं घेऊन. मर्यादित असतं तर मी वेळेवर जेवलो असतो.

बाबांना तू 'व्यक्ती ड (मृत)' केलंस. कंसात जाऊन बसले बिचारे. मी 'व्यक्ती क, मुलगा, व्यवसाय: चष्मे तयार करणे.' हे झकास आहे, पाटीवर लिहून घेणार.

आता एक विचारतो. 'व्यक्ती ब, मुलगी, सध्या परगावी वास्तव्य. व्यक्ती ब शी झालेल्या चर्चेनुसार…' ही चर्चा झाली कुठे? आरशासमोर? चहा कुणी केला?

आई विचारते आहे, पोरीने केस कापले का. तुझी खूण अजून वेणी ओढायचीच आहे.

तुझा,
व्यक्ती क


१५ फेब्रुवारी

प्रिय भिंगोबा,

हो, कापले. मानेपर्यंत. आईला सांग, वेणी मात्र ओढत राहायची, ती खूण मी बदलू देणार नाही.

तुझं पत्र महाविद्यालयात वाचलं. माझं टेबल जिन्याखाली आहे आणि ते मी संख्याशास्त्राच्या सरांशी वाटून घेते. मला हसताना बघून ते म्हणाले, "संशोधनात इतकं हसू येत असेल तर विषय बदला."

आता तू हसणं थांबव आणि ऐक. माझ्या मार्गदर्शक बाई शब्दांच्या बाबतीत कडक आहेत. मी लिहिलं होतं, 'ती बोलते.' त्यांनी गोल केला. बोलणे म्हणजे ध्वनी, इथे ध्वनी नाही, दुसरा शब्द शोधा. 'म्हणाली' कापलं. 'भाषा' कापलं नाही, पण समासात लिहिलं, "तीन माणसांच्या घरातल्या खुणांना भाषा म्हणायचं तर ते सिद्ध करावं लागेल. सिद्ध होईपर्यंत व्यवस्था म्हणा." 'खूप' चालत नाही. 'छान' तर विचारूच नकोस.

तुला वाटतं हा सगळा कोरडेपणा आहे. मलाही वाटायचं. पण मी लिहिलं होतं, 'ती नेहमी आधी वेळ सांगते, मग माणूस, मग काम.' बाईंनी विचारलं, "नेहमी? मोजलंत?" नव्हतं मोजलं. सगळ्या चित्रफिती पुन्हा पाहिल्या. नेहमी नाही. रागात असली की आधी माणूस सांगते आणि वेळ शेवटी. 'तू, दूध आणलं नाहीस, काल.' एक सैल शब्द सोडावा लागला म्हणून हे हाती लागलं. तू चाळीस वर्षं तिच्यासमोर जेवतोस. तुला माहीत होतं?

एप्रिलअखेर प्रबंध द्यायचा आहे. दिला तर या वर्षी कायमच्या जागेसाठी माझा अर्ज पुढे जाईल. नाही तर दर वर्षी नेमणुकीच्या कागदाची वाट बघणं आहेच. म्हणून विनवते, तिसऱ्या प्रकरणातल्या खुणा एकेक करून तपास. तुझ्याशिवाय जगात कोणी तपासू शकत नाही.

हे पत्र नेहमीप्रमाणे आईला समोर बसवून हातांनी वाचून दाखव. पण प्रकरणाची पानं तिला अजून दाखवू नकोस. पूर्ण झालं की मीच दाखवीन.

व्यक्ती ब बद्दल पुन्हा कधीतरी.

तुझी,
ताई


२४ फेब्रुवारी

ती. ताईस,

स. न. वि. वि.

तिसऱ्या प्रकरणातील सर्व खुणा तपासल्या. वर्णने अचूक आहेत. पान चव्वेचाळीसवरील 'जेवण' आणि 'पुरे' यांची चित्रे अदलाबदल झाली आहेत, तेवढी दुरुस्त करावीत. काच घासायचे यंत्र बिघडल्यामुळे उत्तरास विलंब झाला.

रागात असताना माणूस आधी येतो हे मला माहीत नव्हते. आता लक्षात आले.

आई ठीक आहे.

तुझा


१ मार्च

प्रिय भिंगोबा,

आपल्या घरात 'विनंती विशेष' कधीपासून आलं? पाकीट उघडल्यावर वाटलं, वीज मंडळाचं पत्र चुकून माझ्या पत्त्यावर आलं.

शिवाय तुझ्या पत्रात आई एक अक्षरही बोललेली नाही. 'आई म्हणाली' नाही, 'आईने विचारलंय' नाही. 'आई ठीक आहे.' तू इतकी वर्षं पत्रं लिहितोस, हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं.

तू रागावला आहेस, हे मला कळलं. व्यक्ती ब वरून. तर सांगते.

पहिल्याच वर्षी एका चर्चासत्रात मी म्हणाले, आमच्या घरी आई अशी खूण करते, आणि ती करून दाखवली. पुढच्या रांगेतले एक ज्येष्ठ प्राध्यापक हसले. वाईट नाही हसले रे, मायेने हसले, तेच लागलं. म्हणाले, "आठवणी गोड आहेत. आता पुरावा आणा."

त्या दिवसापासून मी माझ्या वाक्यांतून 'मी' काढत गेले. 'मी पाहिले' चं 'असे आढळून आले' झालं. मग आईची 'व्यक्ती अ' झाली. बाई तेव्हा माझ्या मार्गदर्शक नव्हत्या. नंतर त्या आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं, ओळखीतलं एक कुटुंब आहे, नावं आणि चेहरे गुप्त ठेवायचे कबूल केलं आहे. त्यांनी मान डोलावली. चांगली पद्धत आहे म्हणाल्या. मग फोटोंमधले चेहरे मी कापले. शेवटी मीच एकटी उरले होते, तर माझी व्यक्ती ब केली.

बाईंना अजून माहीत नाही. रोज ठरवते, आज सांगू. मग वाटतं, एप्रिलपर्यंत निभावून नेऊ. एकदा कळलं की आख्खा प्रबंध 'आठवणी' ठरेल आणि ते गोड हसू पुन्हा बघावं लागेल.

तुला राग येणं साहजिक आहे. स्वतःच्या आईला ओळखीतलं कुटुंब म्हणणारी बहीण. हवं तेवढं बोल, पण तुझ्या नेहमीच्या तोंडाने बोल.

तुझी,
ताई


६ मार्च

प्रिय ताई,

मी रागावलो नव्हतो. रागावलो असतो तर माणूस आधी आला असता, हे तूच शोधून काढलंस ना?

तू भलतंच समजलीस, आणि ती चूक माझी. मी लपवलं. वाटलं, दोन दिवसांत विसरेल आणि तुझं लिखाण अडणार नाही.

झालं असं. मी फ्रेमा आणायला बाजारात गेलो होतो. तुझी पानं दुकानात मोजणीच्या पट्टीखाली ठेवली होती. आई खाली आली. परत आलो तर ती काउंटरपाशी उभी होती, पान चव्वेचाळीस समोर धरून. तेच, नऊ फोटोंचं. हात, हातांवर लाल बाण, बाणांपाशी आकडे. तिने आपला उजवा हात फोटोशेजारी धरला होता आणि तो बाणाप्रमाणे वळवून बघत होती.

मला बघितल्यावर तिने पान जागेवर ठेवलं आणि वर गेली.

तेव्हापासून बोलत नाही. म्हणजे बोट दाखवते. मीठ, भांडं, दार. तेवढंच. जेवताना हात ताटापुरते बाहेर, मग परत मांडीखाली. तुला ती शाळा आठवते का, लहानपणी तिला काही दिवस घातलं होतं ती? जिथली बाई तिला हात मांडीखाली घेऊन बसवायची आणि माझे ओठ बघ म्हणायची? आई आपल्याला ते सोंग करून हसवायची. आता तशी बसते, आणि सोंग नाही.

चौथ्या दिवशी मी हट्टाला पेटलो. समोर बसलो, म्हटलं, काय झालं ते सांग, नाही तर मी जेवत नाही. तिने वेणी ओढली, म्हणजे तू. मग माझ्या खिशातलं पेन घेऊन माझ्या तळहातावर एक बारीक फुली मारली. मग आपले हात दाखवले.

तुझ्या लक्षात आलं का? लाल शाई लावलेले कागद तिने आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिलेत. सुट्टीत तू इथे बसून मुलांचे पेपर तपासायचीस तेव्हा. तिला वाटतंय, पोरीने माझे हात तपासले. नऊच्या नऊ चुकले. आणि इतके चुकले की चेहराही कापून टाकला.

मी सांगायचा प्रयत्न केला. पण 'प्रबंध' ही खूण आपल्याकडे नाही गं. 'संशोधन' नाही. 'गोपनीयता' तर या घरात कधी नव्हतीच. मी केलं: तू, लिहिणं, खूप, लोक, बघणं. तिने ओठ पुसले. पुरे.

तू शब्द निवडण्यात हुशार आहेस. सांग, हे आईला कसं सांगू?

भिंगोबा


११ मार्च

भिंगोबा,

तुझं पत्र जिन्याखाली वाचलं. सर या वेळी उठून कुठेतरी गेले आणि तास संपेपर्यंत आले नाहीत.

तू मागितलंस ते जमेना. मी कागद घेऊन बसले. 'संशोधन' साठी 'शोधणं' करावं, तर ती विचारेल काय हरवलंय. 'अभ्यास' साठी 'शिकणं' करावं, तर ते पुन्हा शाळेकडेच जातं. 'कौतुक' करावं, तर बाण कशाला. माझ्याकडे तिच्या खुणांसाठी दीडशे शब्द आहेत, आणि माझ्या कामासाठी तिची एक खूण नाही. हे मला सहा वर्षांत सुचलं नव्हतं.

मग मी बाईंकडे गेले. त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत, एकीवर पुस्तकं असतात. मी पुस्तकं खाली न ठेवता उभ्यानेच सांगितलं. व्यक्ती अ माझी आई आहे. व्यक्ती ब मी आहे.

बाईंनी चष्मा काढला. खूप वेळ पुसला. (हो, 'खूप' वेळ.) मग म्हणाल्या, "दोन वर्षं मी तुम्हाला विचारते आहे, हे कुटुंब तुम्हाला एवढं आत कसं येऊ देतं. तुम्ही म्हणायचात, चांगली माणसं आहेत."

"आहेत चांगली," मी म्हटलं.

"हसू नका. हे गंभीर आहे."

मी हसत नव्हते, त्यांनाही ते दिसत होतं.

मग त्या बोलल्या. एप्रिल विसरायचं. व्यक्ती ब चं प्रत्येक वाक्य बाहेर, कारण स्वतःची साक्ष दुसऱ्याच्या नावावर देता येत नाही. प्रत्येक प्रकरणात लिहायचं की मी कोण, कुठे बसून बघते आहे, काय मला दिसतं आणि मुलगी असल्यामुळे काय दिसत नसेल. म्हणजे जवळजवळ सगळं पुन्हा. मी विचारलं, मग 'आई' लिहू? तो शब्द औपचारिक नाही ना.

त्या चिडल्याच. "असं मी कधी सांगितलं? भावनेने शब्द निवडू नका म्हणाले होते. आई ही भावना नाही, नातं आहे. नातं माहितीत मोडतं. ते लपवलंत म्हणून बाकीचं सगळं संशयास्पद झालं."

निघताना फोटोंचं पान त्यांच्यासमोर होतं. विचारलं, "चेहऱ्याने अर्थ बदलतो का?" मी म्हटलं, निम्मा. "मग हे काय आहे?" त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं. "भाषा म्हणायची आहे ना तुम्हाला? मग चेहऱ्यासकट आणा. त्यांनी परवानगी दिली तर. नाही दिली तर विषय संपला, आणि ते तुम्ही निमूट मान्य करायचं."

म्हणजे आता सगळं आईवर आहे. या वर्षीची जागा गेलीच आहे, त्याचं मला आज तेवढं वाटत नाही. उद्या वाटेल. पण ती हात मांडीखाली घेऊन बसली आहे हे डोळ्यांसमोरून जात नाही.

मी येते. एकवीस तारखेला परीक्षा संपतात, त्याच दुपारी पोचते. तोवर तिला काही समजावू नकोस. नुसता तिच्याशी बोलत राहा.

ताई


१५ मार्च

प्रिय ताई,

ये. पण गंमत बघ, एकवीसलाच माझं परगावी नेत्रशिबिर आहे. तिथल्या शाळेत आठवडाभर चष्मे वाटायचे आहेत, आधीच कबूल केलंय, मोडता येत नाही. मी सकाळी निघेन, तू दुपारी पोचशील. मधल्या वेळात शेजारची बाई येऊन बसेल. शिबिराचा पत्ता मागे लिहितो आहे. काय होईल ते लगेच कळव, मला तिथे चैन पडणार नाही.

बोलत राहा म्हणालीस, ते करतो आहे. दोन्ही हातांनी बडबडतो. परवा दुकानातला अख्खा दिवस सांगितला: एक गृहस्थ आले, डोक्यावर चष्मा, आणि म्हणाले माझा चष्मा हरवलाय. आई बघत होती. ओठांचा कोपरा हलला. हात हलले नाहीत.

ती बोलत नाही तर मी बिनकामाचा माणूस झालोय. ती डब्याकडे बोट दाखवते, मी मीठ आणतो. घरात आता मिठाच्या तीन पिशव्या आहेत. साखर एकही नाही. येताना आण.

मला तुझ्या बाई आवडल्या. त्यांच्या चष्म्याचा नंबर काय आहे ते विचारून ठेव. एवढा वेळ पुसावा लागतो म्हणजे काचेला चरे गेलेत.

आणि ताई, घाबरू नकोस. लाल पेन तेवढं आणू नकोस.

भिंगोबा


२२ मार्च

प्रिय भिंगोबा,

साखर आणली. मिठाच्या पिशव्या चार आहेत, एक तू पिठाच्या डब्यामागे लपवली आहेस.

काल दुपारी पोचले. आईने दार उघडलं, माझ्या मानेपाशी हात नेऊन केस कुठे संपतात ते बघितलं, आत जाऊन पाणी आणलं. मग खुर्चीत बसली आणि हात खाली गेले. तू लिहिलं होतंस तरी मला ते बघवलं नाही.

संध्याकाळभर मी काहीच काढलं नाही. स्वयंपाक केला, भांडी घासली, तिच्या शेजारी बसून राहिले.

आज जेवण झाल्यावर मी तिच्यासमोर खुर्ची घेतली आणि सांगायला सुरुवात केली. सगळी तयारी करून आले होते. आधी वेळ, मग माणूस, मग काम. सहा वर्षं, मी, तुझे हात, बघणं, लिहिणं. तुझे हात बरोबर. बाण म्हणजे चूक नाही, बाण म्हणजे इकडे बघा. एकही खूण चुकली नाही, क्रम चुकला नाही. तिसऱ्या प्रकरणातून उचलून ठेवल्यासारखं.

आई माझ्या हातांकडे बघतच नव्हती. तोंडाकडे बघत होती. मला वाटलं, ऐकायचं नाहीये तिला. मी पुन्हा पहिल्यापासून केलं, आणखी सावकाश.

तेव्हा तिचे हात बाहेर आले. माझी हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली. आणि विचारलं: दात दुखतोय?

मी म्हटलं, नाही.

कपाळाला हात लावून बघितला. मग विचारलं: कोण मेलं?

कोणी नाही, मी म्हटलं. तेही मी बहुधा तसंच म्हटलं असणार, कारण तिने दोन्ही अंगठ्यांनी माझ्या भुवया धरल्या आणि वर ढकलल्या. सोडल्या. पुन्हा ढकलल्या. जशी तू एखाद्याच्या नाकावर फ्रेम बसवून बघतोस. मग म्हणाली: तोंड कुठे ठेवून आलीस?

भिंगोबा, मला माहीतच नव्हतं. मी तिच्याशी फोटोंसारखी बोलत होते. केव्हापासून, कोण जाणे. मागच्या सुट्टीतही असेन. तिने तेव्हा काही विचारलं नसेल, थकली आहे पोरगी, असं म्हणून सोडून दिलं असेल.

मला रडू आलं. ती खूश झाली. चेहरा हलला म्हणून. खरंच, पाठीवर थापच मारली.

मग मी उठून ते पान आणलं. फोटोच्या वर, जिथे कागद संपतो तिथे बोट ठेवलं आणि नंतर माझ्या चेहऱ्यावर. तिने पान घेतलं. बराच वेळ बघितलं. बाण बघितले, आकडे बघितले, कापलेली वरची कड बोटाने चाचपली. मग विचारलं: हे कुणी कापलं?

मी.

का?

इथे माझं सगळं शिक्षण संपलं. मी सांगितलं ते असं: लोक हसतील, मला भीती.

तिने माझं पेन मागितलं. निळं होतं, तुझी आज्ञा पाळली होती. आणि फोटोंच्या वरच्या मोकळ्या जागेत तिने चेहरे काढले. प्रत्येक फोटोला एक. गोल, दोन भुवया, तोंड. 'उद्या' वर फुगवलेले गाल. 'पुरे' वर ओठ गायब, नुसती एक रेघ. तुझ्या खुणेवर तिने तुझंच डोकं काढलं, टकलासकट. मी म्हटलं, अगं, इथे तू आहेस, तो नाही. म्हणाली, त्याचं नाव घेताना मला तो दिसतो.

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं आहे. यावर एक स्वतंत्र प्रकरण होईल. बाईंना विचारते.

मग मी परवानगीचं काढलं. नवे फोटो, चेहऱ्यासकट. लोक बघतील. नको म्हणालीस तर नाही.

कोण बघणार?

शिकलेली माणसं.

किती?

मी खोटं सांगणार नव्हते. पाच बोटं दाखवली.

तिला खरं वाटेना. तिने माझी बोटं पुन्हा मोजली. आणि हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली. मग म्हणाली: सहा वर्षं? पाच माणसं? जेवायला बोलाव त्यांना, मी एका दुपारी दाखवते.

मी म्हटलं, तसं चालत नाही. लिहावं लागतं.

मग एक अट घातली. एक प्रत त्या शाळेतल्या बाईंना पाठवायची. हात मांडीखाली ठेवायला लावणाऱ्या. मी म्हटलं, आई, ती कधीच गेली असेल. म्हणाली: मग तिच्या पोरीला.

मी कबूल केलं. आता ती पोरगी शोधायला तू मला मदत करायची आहेस. एवढ्या लोकांचे चष्मे करतोस, कुणाला तरी माहीत असेल.

आई झोपली आहे. मी तुझ्या काउंटरवर बसून लिहिते आहे. मघाशी प्रबंधाचं पहिलं वाक्य नव्याने लिहिलं: 'प्रस्तुत संशोधिकेची आई जन्मतः कर्णबधिर असून, हा प्रबंध तिच्या भाषेविषयी आहे.' 'भाषा' भोवती बाई गोल करतील. करू देत. पुढची पानं त्यासाठीच आहेत. 'प्रस्तुत संशोधिका' मात्र मी ठेवलं. तू हसशील, पण मला तो शब्द आवडतो. घाईत नसलेल्या माणसासारखा आहे.

कायमच्या जागेचं या वर्षी होणार नाही. पुढच्या वर्षी नेमणुकीचा कागद येईल की नाही, तेही माहीत नाही. नाही आला तर काच घासायला शिकव.

तुझी,
ताई

ता. क. २३ मार्च. पाकीट बंद करायचं राहिलं होतं. सकाळी आई माझ्या आधी उठली. तिने खुर्ची खिडकीपाशी नेऊन ठेवली होती. चहा घेतला, स्वेटर बदलला आणि बसली. तुझं दुकान मी उशिरा उघडलं. एक गिऱ्हाईक परत गेलं, संध्याकाळी येतो म्हणालं. नऊ फोटो पुन्हा काढले.